मुलींची सुंता : शास्त्राची साक्ष आणि डॉक्टरांची सुरी



सहा फेब्रुवारी हा दिवस संयुक्त राष्ट्रसंघाने मुलींच्या सुंतेविरुद्धचा दिवस म्हणून ठरविला आहे. त्या सुमारास आपल्याकडील फ्रेंच दैनिकांत ह्या विषयावर एखादी बातमी असते. फ्रेंचमध्ये ह्या प्रकाराला ‘एक्सिझियों’ म्हणतात. मागे एकदा अशीच बातमी वाचून, मंडळाच्या सभेनंतर चहा घेताना एक सद्गृहस्थ म्हणाले, “हे त्यांच्या कुराणातच लिहिले आहे, तेथे कोण काय करणार?” दुसऱ्या दिवशी शेजारच्या चाचांना मी भीतभीतच विचारले. ते म्हणाले, “आमच्या घराण्यात हे कोणी ऐकलेलेसुद्धा नाही. आफ्रिकेतले काही तरी असेल.” दोघेही प्रामाणिक माणसे. दोघांचेही उत्तर चुकीचे. ज्या बेटावर आपण भिंतीला भिंत लावून राहतो तेथे शेजाऱ्याच्या धर्माविषयी अर्धवट माहिती बाळगणे बरे नव्हे, आणि ज्या सात-आठ वर्षांच्या मुलींवर हा प्रसंग येतो त्यांच्याविषयी तोंड मिटून बसणे तर त्याहून बरे नव्हे. विषय नाजूक आहे, हे पान घरातील सर्वजण वाचतात, हे ठाऊक असूनही लिहीत आहे.

प्रथम आकडे पाहू. युनिसेफने मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणे आज हयात असलेल्या २३ कोटींहून अधिक मुली व स्त्रिया ह्या प्रसंगातून गेलेल्या आहेत. त्यांपैकी १४ कोटी ४० लाख आफ्रिकेत, ८ कोटी आशियात आणि ६० लाख मध्यपूर्वेत. म्हणजे चाचांचे ‘आफ्रिकेतले’ हे उत्तर एक तृतीयांशाहून अधिक बाबतीत चुकते. ज्या ३१ देशांची पाहणी ह्या हिशेबात धरली जाते त्यांत मॉरिशस नाही. पण आपल्याच महासागरातील मालदीव बेटे आहेत, आणि तेथे १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी १३ टक्क्यांची सुंता झालेली आहे. भारताचेही नाव ह्या ३१ देशांत नाही. त्याचे कारण तेथे ही चाल नाही असे नसून तेथे कोणी राष्ट्रीय पातळीवर मोजणीच केलेली नाही, असे आहे. त्याकडे मी पुढे येणारच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने ह्या प्रकाराचे चार वर्ग पाडले आहेत. पहिल्यात स्त्रीच्या बाह्य अंगावरील शिश्निका नावाचा लहानसा, अत्यंत संवेदनशील अवयव, किंवा नुसते त्यावरचे कातडीचे आवरण कापले जाते. दुसऱ्यात त्याबरोबर आतील ओठही काढले जातात. तिसरा वर्ग सर्वांत क्रूर. त्यात सारा भाग कापून शिवून टाकतात आणि लघवी व विटाळ जाण्यापुरते छिद्र ठेवतात. सोमालिया, सुदान व जिबूती ह्या देशांत तो आढळतो. चौथ्यात टोचणे, ओरखडा काढणे, डाग देणे असे बाकीचे सारे प्रकार येतात. वर्तमानपत्रांत चित्र येते ते बहुधा तिसऱ्या वर्गाचे, परंतु शरियत आणि वैद्यक यांचा खरा वाद चालला आहे तो पहिल्या व चौथ्या वर्गावर, म्हणजे ‘जरासेच कापले तर काय बिघडले?’ ह्या प्रश्नावर.

आता आमच्या सद्गृहस्थांच्या कुराणाविषयी. कुराणात सुंतेचा उल्लेखच नाही, मुलींच्या नाही आणि मुलांच्याही नाही. जो काही आधार दाखविला जातो तो हदीसांतून, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती व आचरण यांविषयीच्या परंपरांतून. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध परंपरा मदिनेतील एका सुंता करणाऱ्या बाईची. पैगंबरांनी तिला फार खोल कापू नकोस असे बजावले, असे त्यात म्हटले आहे. ही हदीस ज्या अबू दाऊदच्या संग्रहात आहे त्या अबू दाऊदनेच तिच्याखाली शेरा मारून ठेवला आहे की, ती सांगणारा एक जण अज्ञात असून ही परंपरा दुर्बल आहे. दुसऱ्या एका परंपरेत सुंता ही पुरुषांना सुन्नत आणि स्त्रियांना ‘मकरुमा’, म्हणजे भूषणास्पद गोष्ट, असे म्हटले आहे. तिच्या साखळीतही कच्चा दुवा असल्याचे हदीसशास्त्रज्ञांनीच दाखविले आहे. राहिली ती ‘दोन सुंता झालेली अंगे’ एकत्र आल्यास स्नान आवश्यक होते, असे सांगणारी परंपरा. ती विश्वसनीय मानली जाते, पण ती स्नानाविषयी आहे. अरबस्तानात तेव्हा ही चाल होती एवढेच तिच्यावरून कळते. ती चालू ठेवा अशी आज्ञा तिच्यात नाही.

चाल होती हे तर निर्विवाद. इसवी सनापूर्वी १६३ मधील एका ग्रीक कागदात ईजिप्तमधील एका मुलीच्या सुंतेचा उल्लेख आहे. म्हणजे इस्लामच्या उदयाआधी जवळजवळ आठशे वर्षे. ईजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्ती आणि इथिओपियातील ख्रिस्ती ही चाल पाळीत आले. उलट तुर्कस्तान, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया हे मुसलमानी देश असूनही तेथे ती रूढ नाही.

परंतु ‘याचा धर्माशी काहीच संबंध नाही’ असे म्हणून हात झटकणाऱ्यांचेही मला पटत नाही. सुन्नी धर्मशास्त्राच्या चार शाखांपैकी शाफई शाखेच्या प्रमुख मताप्रमाणे सुंता मुलगा व मुलगी या दोघांनाही आवश्यक आहे. इतर तीन शाखांत ती मुलींसाठी बहुतेक ठिकाणी इष्ट वा भूषणास्पद मानली आहे, आणि हनबली शाखेत दोन मते आहेत. आपल्या बेटावरील बहुसंख्य मुसलमान हनफी आहेत, तेव्हा चाचांच्या घरी ही गोष्ट अपरिचित असावी यात नवल नाही. पण इंडोनेशिया, मलेशिया, सोमालिया, येमेनचा किनारा हे सारे शाफई मुलूख. तेथील आई आपल्या मुलीला घेऊन जाते ती धर्मकृत्य म्हणूनच. तिला ‘हे धर्मात नाही’ असे परक्याने सांगून भागत नाही. तिच्याच मौलवीने सांगावे लागते.

आणि मौलवींनी काय सांगितले? येथेच ही कथा खरी रंजक होते. (‘रंजक’ हा शब्द येथे शोभत नाही, पण दुसरा सुचत नाही.) ईजिप्तमध्ये १९८१ साली तेव्हाचे मुफ्ती शेख जाद अल्-हक यांनी फतवा दिला की, मुलींची सुंता इस्लामसंमत आहे आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून ती सोडता येणार नाही, कारण वैद्यकाची मते पिढीगणिक बदलतात. पुढे ते अल्-अझहर ह्या थोर विद्यापीठाचे प्रमुख झाले. सप्टेंबर १९९४ मध्ये कैरो येथे लोकसंख्याविषयक जागतिक परिषद भरली असता अमेरिकन दूरचित्रवाणीने एक चित्रफीत दाखविली. कैरोमधील एका दहा वर्षांच्या मुलीची सुंता एक न्हावी करीत आहे, असे ते दृश्य होते. सरकारची मोठी नाचक्की झाली. त्या वेळचे मुफ्ती शेख तंतावी म्हणाले की, कुराणात आधार नाही, हदीसा दुर्बल आहेत, तेव्हा ह्या बाबतीत डॉक्टरांना विचारावे. अल्-अझहरचे प्रमुख मात्र आपल्या जुन्या मताला चिकटून राहिले. एकाच शहरात, एकाच शास्त्राचे दोन सर्वोच्च अधिकारी आणि दोन विरुद्ध निकाल!

सरकारने मधला मार्ग काढला. न्हाव्याच्या हाती वस्तरा नको म्हणून आठवड्यातून एक दिवस सरकारी इस्पितळातच ही सुंता डॉक्टरांनी करावी असे ठरले. मला तरी साऱ्या प्रकरणातील सर्वांत मोठी चूक हीच वाटते. वर्षभराने, १९९५ मध्ये, ती परवानगी काढून घेण्यात आली आणि १९९६ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी बंदी घातली. बंदीविरुद्ध न्यायालयात गेले ते कोण? एक धर्मोपदेशक आणि त्यांच्या जोडीला एक स्त्रीरोगतज्ज्ञ! जून १९९७ मध्ये खालच्या न्यायालयात ते जिंकले. डिसेंबरमध्ये वरिष्ठ प्रशासकीय न्यायालयाने, ही काही इस्लामी कर्तव्याची बाब नव्हे असे म्हणून बंदी कायम केली. पण तोवर लोकांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती : डॉक्टर करतो ते सुरक्षित. २०१४ च्या पाहणीत तेथील १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ९२ टक्के सुंता झालेल्या आढळल्या. आयांच्या पिढीत हे काम बहुतांशी दाया करीत. त्यांच्या मुलींच्या पिढीत चारांपैकी तिघींहून अधिक जणींवर ते डॉक्टर वा परिचारिका यांच्या हातून झाले होते.

मौलवी म्हणतो डॉक्टरांना विचारा, डॉक्टर म्हणतो हा धर्माचा प्रश्न आहे, आणि दोघांच्या मधल्या टेबलावर मुलगी असते. जून २००७ मध्ये मिन्या प्रांतात बारा वर्षांच्या एका मुलीचा खासगी दवाखान्यात ह्याच शस्त्रक्रियेत मृत्यू झाला. त्यानंतर मुफ्ती अली गोमा यांनी ही चाल निषिद्ध असल्याचे जाहीर केले. अल्-अझहरच्या संशोधन मंडळानेही तिला शरियतेत आधार नसल्याचे सांगितले. त्यांच्या युक्तिवादाचा पाया इस्लामी न्यायशास्त्रातीलच होता : स्वतःस वा दुसऱ्यास इजा करणे वर्ज्य आहे, आणि इजा होते की नाही हे जाणकारांनी ठरवावे. २००८ मध्ये कायदा झाला, २०१६ मध्ये तो कडक झाला आणि २०२१ मध्ये शिक्षा वीस वर्षांपर्यंत वाढली.

ही ओढाताण वाचताना मला १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याची आठवण झाली. मुलीचे संमतिवय दहाचे बारा करावे एवढीच मागणी होती. तेव्हा पुण्यात डॉ. भांडारकर शास्त्रवचने काढून कायद्यास आधार दाखवीत होते, टिळक सरकारी हस्तक्षेपास विरोध करीत होते, आणि स्त्री डॉक्टरांनी पाहिलेल्या कोवळ्या मुलींच्या जखमांची यादी सरकारकडे गेली होती. शास्त्री, पुढारी, डॉक्टर सारे बोलले. मुलींना कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही. तेव्हा शेजाऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी आपल्या आजी-पणजीचे वय आठवावे.

आता वैद्यकाकडे वळू. दुसऱ्या व तिसऱ्या वर्गाविषयी जाणत्या वैद्यकात मतभेद नाही. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, मूत्रमार्गाचे विकार आणि बाळंतपणातील अडचणी हे सर्व नोंदले गेले आहे. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ ह्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात सहा आफ्रिकी देशांतील २८,३९३ बाळंतिणींची पाहणी प्रसिद्ध झाली. सुंता न झालेल्या स्त्रियांच्या तुलनेत, जन्मतः वा लगेच बाळ दगावण्याचा धोका पहिल्या वर्गात १५ टक्क्यांनी, दुसऱ्यात ३२ टक्क्यांनी आणि तिसऱ्यात ५५ टक्क्यांनी अधिक आढळला. म्हणजे ‘सौम्य’ म्हटल्या जाणाऱ्या वर्गातही आकडा शून्य नाही. आणि कोणत्याही वर्गात आरोग्याचा काही लाभ आढळलेला नाही. मुलांच्या सुंतेबाबत निदान काही रोगांपासून बचावाचा पुरावा तरी पुढे करता येतो.

तरीही वाद संपत नाही. २०१० मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने असे सुचविले की, पालक मुलीला परदेशी नेऊन मोठी सुंता करतील त्यापेक्षा डॉक्टरांनी नुसते टोचून विधी उरकण्याची मुभा असावी. ओरड झाली आणि महिनाभरात ते निवेदन मागे घेण्यात आले. हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. पण कैरोतील आठवड्याचा तो एक दिवस ठरविणाऱ्यांचाही हेतू वाईट नव्हता. इंडोनेशियातही हेच झाले. २००६ मध्ये सरकारने डॉक्टर व सुइणींना मनाई केली, २००८ मध्ये उलेमांच्या परिषदेने त्याविरुद्ध फतवा काढला, २०१० मध्ये सरकारने नमते घेऊन ओरखडा कसा काढावा याचे नियमच छापले, २०१४ मध्ये ते रद्द केले आणि २०२४ मध्ये ही चाल संपविण्याचा आदेश काढला. अठरा वर्षे सरकार कधी ह्या बाजूस तर कधी त्या बाजूस.

आणि आता मुंबई. आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज कोकणातून निघून ज्या मुंबई बंदरातून जहाजावर चढले, त्याच शहरात दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंची, सय्यदनांची, गादी आहे. जगभर सुमारे दहा लाखांचा हा सुशिक्षित, व्यापारी, शिया इस्माइली समाज गुजराती बोलतो. दहाव्या शतकातील फातिमी न्यायाधीश काझी नुमान यांच्या ग्रंथाला तो प्रमाण मानतो, आणि मुलगी सात वर्षांची झाली की तिचा ‘खतना’ वा ‘खफ्झ’ करण्याची चाल त्याच्यात आहे. अभ्यासक रेहाना घडियाली यांनी १९९१ मध्ये ‘मानुषी’ नियतकालिकात ह्याविषयी लिहिले, पण फारसे कोणी लक्ष दिले नाही. २०१५ पासून मात्र मासूमा रानालवी, आरेफा जोहारी यांच्यासारख्या त्याच समाजातील स्त्रिया उघडपणे बोलू लागल्या. त्यांनी सांगितलेल्या आठवणी विलक्षण सारख्या आहेत. आजी वा मावशी खाऊ घेऊन देते म्हणून बाहेर नेते, भेंडीबाजारातील एखाद्या अंधाऱ्या जिन्यावरून खोलीत नेते, नंतर वेदना, आणि ‘कोणाला सांगू नकोस’ ही ताकीद. अलीकडे काही ठिकाणी खोलीची जागा स्वच्छ दवाखान्याने आणि म्हातारीची जागा डॉक्टरीणबाईंनी घेतली आहे. कैरोचाच मार्ग!

समाजातील दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तीही स्त्रियांचीच आहे. खफ्झ म्हणजे आवरणाच्या टोकाला दिलेला निरुपद्रवी छेद, त्यास ‘अंगच्छेद’ म्हणणे हा आमचा अपमान, आणि धर्मस्वातंत्र्याचा हक्क आम्हालाही आहे, असे बोहरा स्त्रियांच्या एका संघटनेने सर्वोच्च न्यायालयात वकिलांमार्फत मांडले. हे म्हणणे केवळ हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ह्या स्त्रिया खोटे बोलत आहेत असेही नाही. कित्येकींना खरोखरच काही त्रास झाला नसेल. पण सात वर्षांच्या मुलीचे ते अंग इतके लहान असते की, आवरण कोठे संपते आणि अवयव कोठे सुरू होतो हे हलणाऱ्या, रडणाऱ्या मुलीवर ठरविणे कुशल हातालाही कठीण. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ९४ जणांच्या मुलाखती होत्या. त्यांतील सुमारे एक तृतीयांश स्त्रियांनी आपल्या वैवाहिक सुखावर याचा वाईट परिणाम झाल्याचे सांगितले. पाहणी लहान आहे हे खरे. मोठी पाहणी सरकारने करावयाची, तर डिसेंबर २०१७ मध्ये सरकारने न्यायालयास कळविले की अशी चाल भारतात असल्याचा अधिकृत पुरावा उपलब्ध नाही. मोजले नाही म्हणून पुरावा नाही आणि पुरावा नाही म्हणून मोजावयाचे कारण नाही! पुढे २०१८ मध्ये ॲटर्नी जनरल यांनी मात्र ही गोष्ट तेव्हाच्या कायद्यानेही गुन्हा ठरते, असे न्यायालयात सांगितले.

‘जरासेच’ ह्या शब्दाचा कायद्याच्या काट्यावर खरा तोल झाला तो ऑस्ट्रेलियात. सिडनीकडील एका बोहरा कुटुंबातील दोन बहिणींच्या खतन्याबद्दल आई, एक निवृत्त परिचारिका आणि एक धर्मोपदेशक यांना २०१५ मध्ये दोषी ठरविण्यात आले. २०१८ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरविला. कायद्यात ‘विच्छेद’ असा शब्द आहे आणि नुसता छेद म्हणजे विच्छेद नव्हे, असा अर्थ त्याने लावला. ऑक्टोबर २०१९ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने बहुमताने सांगितले की मुलीच्या त्या अंगावरील लहानसा छेदही त्या शब्दात मोडतो. विशेष म्हणजे २०१६ पासून लंडन, सिडनी, अमेरिका येथील बोहरा जमातींनी आपल्या सभासदांना पत्रे पाठवून त्या त्या देशाचा कायदा पाळावा, खतना करू नये असे कळविले आहे. धर्मगुरू तेच, ग्रंथ तोच. फरक एवढाच की तेथे स्पष्ट कायदा आहे. आफ्रिकी राष्ट्रांच्या २००३ च्या मापुतो करारात ही चाल बंद करण्याचे कलम आहे आणि आपल्या मॉरिशसने त्यास २०१७ मध्ये मान्यता दिली. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही.

दिल्लीतील एका वकील बाईंचा अर्ज सर्वोच्च न्यायालयात २०१७ मध्ये दाखल झाला. स्त्रीच्या शरीरावर दुसऱ्या कोणाची सत्ता का चालावी, असा प्रश्न न्यायाधीशांनी जुलै २०१८ च्या सुनावणीत विचारला. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला प्रकरण पाच न्यायाधीशांकडे सोपविले गेले, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये शबरीमलाच्या निकालाबरोबर त्यातील मूळ प्रश्न आणखी मोठ्या पीठाकडे. अर्ज दाखल झाला त्या वर्षी मुंबईत जी मुलगी सात वर्षांची होती, ती २०२४ मध्ये चौदा वर्षांची झाली.